प्रेमळ पत्नी, शौकीन आई

सोमवार

विहीणबाई काल गेल्या. माझ्या सुनेची आई. दुपारी जेवल्या, तोंडाला पावडर लावली, केसांत क्लिप खोचली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि चहा येईपर्यंत गेल्या. चहा व्याहीबुवाच करत होते. मला म्हणाले, "तिला चहाला उशीर झालेला आयुष्यात कधी खपला नाही. काल तर थांबलीच नाही." आणि हसले. मग घाबरून मला विचारलं, "हसलो ते चाललं ना?" मी म्हटलं चाललं. मला कोण विचारतंय, पण चाललं.

ही डायरी औषधाच्या कंपनीची आहे. प्रत्येक पानाखाली पोटदुखीच्या गोळीचं चित्र आहे, त्यामुळे काहीही लिहिलं तरी शेवटी पोटावर येतं. सुनेने दिली. मी चौथीपर्यंत शिकले, तीही पुरती नाही, तरी रोज थोडं लिहिते. आतापर्यंत सगळी पानं भिंगरीनेच खाल्ली आहेत. भिंगरी म्हणजे आमची नात, चार वर्षांची, एका जागी टिकेल तर शपथ. तिला दोन आज्या. मी घरची आजी आणि विहीणबाई बूटआजी.

बूटआजी का, तर विहीणबाई बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात कामाला होत्या. लग्नाआधी लागल्या त्या केस पांढरे होईपर्यंत तिथेच. अख्ख्या वस्तीच्या पायांची मापं त्यांना तोंडपाठ. रस्त्यात कोणी भेटलं की आधी खाली बघायच्या आणि मग वर. भिंगरी आज तेवढंच म्हणाली, "आता माझे पाय कोण बघणार?" मी म्हटलं मी बघेन. तर म्हणाली, "तुला चष्म्याशिवाय दिसत नाहीत." पोर खरं बोलतं आणि आपण त्याला लाडिक म्हणतो.

प्रेतसंस्कार शनिवारी आहे. त्यांचा धाकटा मुलगा परदेशातून यायचा आहे, म्हणून त्यांना दवाखान्यात थंडीत ठेवलंय. त्यांना थंडी सोसायची नाही. पण आता काय.

मंगळवार

सकाळी त्यांच्या घरी गेले. सून कपडे काढून ठेवत होती, व्याहीबुवा आल्यागेल्याला बसा म्हणत होते आणि थोरला मुलगा टेबलाशी बसून प्रेतसंस्काराच्या पत्रिकेचा मजकूर लिहीत होता. थोरला शाळेत गणित शिकवतो. शर्टाला चुणी नाही, बोलण्याला चुणी नाही, केसांचा भांग पट्टीने ओढलेला. त्याची आईच त्याला इस्त्री म्हणायची. "इस्त्री, जरा हस रे, शर्ट फाटणार नाही." लग्न केलं नाही, आईवडलांजवळच राहिला.

त्याने मला वाचून दाखवलं. प्रभूमध्ये विसावली, वगैरे वगैरे, आणि मग, प्रेमळ पत्नी, सोशिक आई.

मी म्हटलं, "सोशिक? कोण?"

"आई."

"अरे, तुझी आई लिफ्ट यायला वेळ लागला तर लिफ्टशी भांडायची."

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही फक्त हे फोनवर छापखान्यात सांगा. मला दफनभूमीत जाऊन जागा बघायची आहे."

म्हणजे सांगकाम्या. ठीक आहे. मी फोन घेतला आणि एकेक शब्द सांगितला. हिरडी सुजलीय म्हणून कवळी वाटीत काढून ठेवली होती. त्यात भिंगरी माझ्या पायात बूटआजीची उंच टाचेची चप्पल घालायला बघत होती. छापखानेवाला दर शब्दाला "काय म्हणालात?" विचारत होता. मी म्हटलं हो हो, तेच, तेच छाप बाबा.

निघताना व्याहीबुवांनी जिन्यात गाठलं. म्हणाले, "शनिवारी चर्चमध्ये कोणीतरी दोन शब्द बोलायचे असतात. तुम्ही बोला."

मी म्हटलं, "व्याहीबुवा, मी मागच्या बाकावरची बाई. घरातलं कोणी बोलेल की."

"घरातले रडतील. मी तर उभाच राहू शकणार नाही. आणि तिचं सगळ्यात जास्त भांडण तुमच्याशी. भांडणाऱ्याला माणूस नीट पाठ असतं." मग हळूच म्हणाले, "विहीणबाई, तिला ओळखता येईल असं बोला. लोक मेलेल्या माणसाला इतकं चांगलं करून टाकतात की नवऱ्यालासुद्धा वाटतं, ही कोण?"

हो म्हणून बसले. घरी येऊन पोटाची गोळी घेतली, चित्र समोरच होतं.

बुधवार

काय सांगू. पत्रिका आल्या.

प्रेमळ पत्नी, शौकीन आई.

चांगल्या जाड कागदावर, सोनेरी अक्षरांत. छापखान्याचा माणूस निम्मा गठ्ठा आधी चर्चमध्ये देऊन आला होता आणि तिथून तो वस्तीभर वाटलाही गेला होता. बाकीचा घेऊन दारात उभा. इस्त्रीचा चेहरा त्याच्या शर्टापेक्षा पांढरा झाला.

"मावशी, तुम्ही काय सांगितलंत?"

"सोशिकच सांगितलं."

"दात होते तोंडात?"

सुनेने तोंडावर पदर घेतला. आधी मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते, पण ते रडण्याचं हलणं नव्हतं.

व्याहीबुवांनी चष्मा लावला, पत्रिका लांब धरली, जवळ धरली. "छान छापलंय," म्हणाले.

"पप्पा, शौकीन म्हणजे काय समजतात लोक? शौकीन म्हणजे पत्ते खेळणारा माणूस."

"खेळायची की."

"आणि लबाडीपण करायची," मी म्हटलं. कोणीतरी खरं सांगायला पाहिजे. बदामाची राणी त्यांच्या मांडीखाली कितीदा सापडली. शिवाय अत्तर, सिनेमा, खिडकीची जागा, पावाची कड न खाता मधलाच मऊ भाग खाणं, आणि पिवळ्या चपला. लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या, बकलाच्या. चर्चमध्ये त्या घालून पहिल्या बाकापर्यंत चालत जायच्या आणि पाय असे पुढे काढून बसायच्या की पाळकसाहेबांना उपदेश करताना दुसरीकडे बघावं लागायचं.

इस्त्री म्हणाला पुन्हा छापू. छापखानेवाला म्हणाला शनिवारच्या आत जमणार नाही. इस्त्री म्हणाला काळी पट्टी मारू. व्याहीबुवा म्हणाले, "माझ्या बायकोवर काळी पट्टी मारायची नाही." त्यांचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. 

मग इस्त्री माझ्याकडे वळला. "निदान शनिवारी तरी गंमत नको. मी चार वाक्यं लिहून देतो. तेवढीच वाचा." आणि आतल्या खोलीत गेला. दार आपटलं नाही. तो दारसुद्धा नीट लावतो.

आता माझी अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. एकीकडे व्याह्यांना शब्द दिलाय की तिला ओळखता येईल असं बोलेन, दुसरीकडे तिच्या पोटचा पोरगा म्हणतो तसं बोलू नका. तिला पुरायची आणि पुरताना दुसऱ्याच बाईची स्तुती करायची, हे मला जमायचं नाही. पण लेकाला आईच्या अंत्ययात्रेत खाली बघायला लावायचं, तेही जमायचं नाही.

गुरुवार

चार वाक्यं मिळाली. अक्षर मोत्यासारखं. "त्या नम्र व मितभाषी होत्या." मितभाषी म्हणजे काय ते सुनेला विचारलं. कमी बोलणारी, म्हणाली. मी तडक त्यांच्या घरी गेले. आज याला सुनवायचंच असं ठरवून गेले होते. जिना चढताना तीन टोमणे तयार केले, त्यातला एक तर फार चांगला होता.

इस्त्री आईच्या कपाटापुढे जमिनीवर बसला होता. मांडीवर फडकं आणि हातात त्या पिवळ्या चपला. टाचेजवळचा डाग घासत होता.

मी विचारलं, "या कशाला?"

"याच घालायच्या आहेत तिला."

टोमणे गेले तिकडेच. मी पलंगाच्या कडेवर बसले. मग म्हटलं, "मग शौकीनचा एवढा राग का रे? तू तर माझ्याच बाजूचा निघालास."

त्याने चप्पल खाली ठेवली, फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली.

"मावशी, तुम्ही यायच्या संध्याकाळी. तेव्हा ती पावडर लावून, क्लिप लावून बसलेली असायची. तुम्हाला ती हसताना दिसली. सगळ्यांना हसतानाच दिसली. त्याच्या आधी काय चालायचं ते कोणाला माहीत नाही. हाडं दुखायची. पलंगावरून खुर्चीत मी एकटा आणायचो, पप्पांना ती आधी चहा करायला पाठवायची. टॉवेल दातात धरायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. मग खाली तुमचा आवाज आला की टॉवेल माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, इस्त्री, पावडर आण, विहीण आली, पत्ते काढ." त्याने चप्पल पुन्हा उचलली. "दोन वर्षं. मी तो शब्द शोभेसाठी नाही लिहिला."

दार उघडायला त्या कधी उठत नसत, तेव्हा मी दारातूनच म्हणायचे, महाराणी बसल्यात, चालू द्या. त्या म्हणायच्या, महाराणीच आहे, मुजरा कर आणि आत ये.

शेवटी मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं रे त्यांनी?"

"तुम्ही मग पत्त्यात तिला जिंकू दिलं असतं."

हे मात्र शंभर टक्के खरं. आणि ते त्यांना चाललं नसतं.

मी ते मोत्यासारखं अक्षर परत दिलं नाही, पर्समध्ये ठेवलं. पण आता माझंच मला कळेना काय बोलायचं. नुसती गंमत सांगावी तर या पोराने दोन वर्षं जे पाहिलं ते खोटं ठरतं. दुखणं सांगावं तर ज्या बाईने पावडरीखाली ते दडवलं, तिचं मी भर चर्चमध्ये उघडं करणार. इकडे आड आणि तिकडे विहीण.

शुक्रवार

पाळकसाहेब येऊन गेले. विचारत होते, किती मिनिटं बोलाल. मी म्हटलं, साहेब, सुरू कसं करायचं तेच माहीत नाही, संपवायचं काय विचारता. ते म्हणाले, "मनात येईल ते बोला, प्रभू शब्द देतो." मी म्हटलं, "शब्द देतो खरा, पण छापखान्यात बदलतात." त्यांना खोकला आला.

धाकटा आला. उंच झालाय, का मीच बुटकी झालेय. आल्याआल्या पत्रिका वाचली आणि म्हणाला, "हे कोणी लिहिलं? बरोबर लिहिलंय." इस्त्री उठून पाणी आणायला गेला. मला वाईट वाटलं त्याचं. एकट्याने पाहिलेलं माणूस कोणाला दाखवणार.

भिंगरीने माझ्या चपलांना लाल खडूने ठिपके काढलेत. पुसायचे राहू दिलेत.

शनिवार

आधी लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. पायसुद्धा धुतले नाहीत अजून.

चर्च भरलं होतं. लोक भिंतीला टेकून उभे. शवपेटी पुढे, झाकण अर्धं उघडं. व्याहीबुवा पहिल्या बाकावर, शेजारी धाकटा, सून आणि माझा मुलगा. इस्त्री मागे दाराशी, येणाऱ्याला जागा दाखवत. काळा कोट, चुणी नाही. गीत झालं, प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी माझ्याकडे हात केला. मी मागच्या बाकावरून उठून पुढे गेले.

माइक माझ्या कपाळासमोर. एकाने खाली केला तर पोटासमोर. म्हटलं राहू दे.

"मी विहीण," मी म्हणाले. लोक हसले. यात हसण्यासारखं काय होतं, पण धीर आला.

मी आमच्या पहिल्या भेटीचं सांगितलं. पोरांनी लग्न ठरवलं आणि या आमच्या घरी आल्या. मी चांगली साडी नेसून, ओठांवर हसू चिकटवून उभी. यांनी आधी खाली पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमची चप्पल एक नंबर लहान आहे. म्हणून तुम्ही चिडक्या दिसता." तोंडओळख नाही, पाणी नाही, आणि सरळ हे. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाही. मग एकदा कोणाला न सांगता दुसऱ्या पेठेतल्या दुकानात जाऊन एक नंबर मोठी चप्पल घेतली. त्या दिवसापासून माझ्या टाचा दुखल्या नाहीत. सून म्हणते स्वभावही सुधारला. हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही. त्यांना दिसलंच असणार, त्या खालीच बघायच्या.

मग प्रार्थनेचं सांगितलं. एकदा मी त्यांना दुकानात टोचलं होतं, की तुम्ही पहिल्या बाकावर बसता, पण घरी गुडघे टेकून प्रार्थना करताना कोणी पाहिलं नाही तुम्हाला. त्या तेव्हा एका हमालाच्या पायात बूट चढवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी दिवसभर गुडघ्यावरच असते बाई. पाय हातात आला की त्या माणसाचं नाव घेते देवाकडे आणि मग नाडी बांधते. घरी जाऊन पुन्हा कशाला टेकू, गुडघ्यांना काय पगार वाढवून मिळणार आहे?" तो हमाल पाय मागे घ्यायला लागला. त्यांनी धरून ठेवला आणि म्हणाल्या, "हलू नकोस, तुझं अजून संपलं नाही."

मी म्हटलं, आपापल्या पायांकडे बघा जरा. सगळ्या चर्चने खाली पाहिलं. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा. बराच वेळ कोणी मान वर केली नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मी एवढं काही मोठं बोलले नव्हते, पण त्यांना काहीतरी आठवलं असेल शास्त्रातलं.

मग पत्रिकेवर आले. म्हटलं, शौकीन हा शब्द माझ्या कवळीमुळे आलाय, छापखान्याला बोल लावू नका. खरा शब्द सोशिक होता. आता त्या सोशिक होत्या का, हे मला विचारू नका. मला त्यांनी पत्ते दाखवले, तेही उलटे. शौक त्यांनी सगळ्यांना वाटला, आला त्याला दिला. दुसरं जे होतं ते एकालाच दिलं. माणूस हसू कोणालाही देतं, पण दुखणं मात्र ज्याच्या हातावर सगळ्यात जास्त भरवसा असतो त्याच्याच हातात देतं. तो शब्द त्याचा आहे. बरोबर आहे. दोन्ही छापायला हवे होते.

मी दाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला पुढे बोलता आलं नसतं. सून रडत होती, या वेळेला खरंच. मला ते सहन होईना. अशा वेळी मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग. म्हणून मी म्हटलं, "बाकी पायांबद्दल त्यांनी मला पुष्कळ सांगितलंय. पाळकसाहेबांच्या पायांबद्दल मात्र शपथ घातली होती, त्यामुळे एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा आहे हे मी इथे सांगणार नाही."

पाळकसाहेबांनी एक पाय झग्याखाली ओढला. लोकांना दिसलं.

आणि तेव्हा ते हसू आलं.

विहीणबाईंचं हसणं कसं होतं ते या डायरीत लिहायचं राहूनच गेलं. आधी नाकातून सुरू व्हायचं, दाबल्यासारखं. मग संपलं असं वाटायचं. आणि मग कपाटाचं दार उघडावं आणि सगळी भांडी एकदम खाली यावीत तसं. सिनेमागृहात पडद्यावरचं सोडून लोक यांच्याकडे बघायचे.

तेच. नाकातून, मग थांबलं, मग भांडी. मागून, दाराकडून. अख्खं चर्च गोठलं. एका म्हातारीने छातीवर हात ठेवला. धाकटा अर्धा उठला. भिंगरी बाकावर उभी राहून मागे बघत मोठ्याने म्हणाली, "बूटआजी?"

व्याहीबुवा वळले. इतक्या झटक्यात वळले की मला वाटलं पडतील. मागे तिलाच शोधत होते ते, त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. दाराशी इस्त्री होता, भिंतीला धरून, कोट खांद्यावरून घसरलेला, भांग विस्कटलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसू काही केल्या थांबत नाहीये. एवढ्या वर्षांत त्याला कोणी मोकळं हसताना पाहिलंच नव्हतं. कोणाला माहीतच नव्हतं की त्याच्याकडे ते आहे. त्यालाही नसावं.

व्याहीबुवांनी त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग पेटीकडे वळले आणि रोज चहा देताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "हं. ठेवून गेलीस होय."

मला अजून बरंच बोलायचं होतं. पण त्याच्यानंतर मी काय बोलणार? माइक तसाच पोटासमोर सोडला आणि खाली येऊन त्यांच्या शेजारी बसले, पहिल्या बाकावर.